तिसरा सेट सहा-दोन : आग्नेश सावाईची कारकीर्द



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या क्रीडाशिक्षकांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणत असू. आज इथे उभी राहूनही मला त्यांना दुसरं काही म्हणता येणार नाही. सरांकडे खतावणीसारखी एक लांबट वही होती. सामना संपला की खेळलेल्यानं स्वतः त्या वहीत लिहायचं : कोणाशी खेळलो, किती गेम झाले, सामना कुठे फिरला. एकदा हरल्यावर मी लिहिलं, 'पाय मुरगळला नसता तर जिंकले असते.' सरांनी ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली आपल्या बारीक अक्षरात एवढंच लिहिलं, 'जे झालं ते आधी पुरतं लिही.'

आजच्या विषयाची निवड त्या ओळीमुळे झाली आहे. हंगेरीची टेनिसपटू आग्नेश सावाई 2013 च्या फेब्रुवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी निवृत्त झाली. तिच्यावर प्रेम करणारे लोक आजही आहेत. पण तिचा विषय निघाला की बोलणं लगेच एका वळणावर येतं : पाठ दुखली नसती तर ही मुलगी कुठे पोचली असती! या 'जर-तर'मध्ये तिचं खरं खेळणं झाकून जातं. आज आपण सरांच्या वहीचा नियम पाळू. जे झालं ते आधी पुरतं लिहू.

सुरुवात तिच्या नावापासून करते, कारण आपल्याकडे ते इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलं जातं आणि चुकतं. हंगेरियन भाषेत 'एस' या अक्षराचा उच्चार 'श' होतो, आणि 'एस-झेड' ही जोडी आली की 'स'. म्हणून ती आग्नेश, आणि म्हणून सावाई. तिच्या देशात नाव घेताना आडनाव आधी येतं. आपल्या शाळेच्या हजेरीपटात यायचं ना, अगदी तसंच. तिथले लोक तिला सावाई आग्नेश म्हणून ओळखतात. ज्या खेळाडूबद्दल तासभर बोलायचं, तिचं नाव तरी तिच्या माणसांसारखं घ्यावं.

तिची माणसं म्हणजे जेमतेम एक कोटी वस्तीचा देश. आपल्या एकट्या मुंबईत याहून अधिक लोक राहतात. या देशाची टेनिसची वंशावळ मात्र लहान नाही. 1947 मध्ये सोम्बातहेई गावच्या योझेफ आशबोट यांनी पॅरिसची फ्रेंच स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या एरिक स्टर्जेसला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. अकरा वर्षांनी, 1958 मध्ये, त्याच लाल मातीवर झुझा कॉर्मॉत्सी विजेत्या ठरल्या. त्या वेळी त्यांचं वय होतं तेहतीस. अंतिम फेरीत ब्रिटनच्या शर्ली ब्लूमरला त्यांनी 6-4, 1-6, 6-2 असं नमवलं आणि त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारी हंगेरीची दुसरी स्त्री अजून झालेली नाही. पुढे बालाझ तारोत्सी आले. नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमची स्पर्धा त्यांनी सहा वेळा जिंकली, आणि 1985 मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइन्झ गुंटहार्टबरोबर विम्बल्डनची दुहेरी.

आणि मग अँड्रिया तॅमॅशवारी. 1983 मध्ये, सतराव्या वर्षी, तिनं इटालियन खुली स्पर्धा जिंकली. 1984 च्या सुरुवातीला ती जगात सातवी होती. त्यानंतर खांदा आणि घोटा यांच्या दुखापतींनी तिला घेरलं. 1986 मध्ये मार्टिना नवरातिलोवाच्या जोडीनं तिनं फ्रेंच स्पर्धेची दुहेरी जिंकली, तीही समोर स्टेफी ग्राफ आणि गॅब्रिएला सबातिनी असताना. पण एकेरीत ती पुन्हा त्या उंचीवर गेली नाही. तॅमॅशवारीचं हे पान लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे. तिच्यानंतर क्रमवारीत सर्वांत वर पोचलेली हंगेरियन स्त्री म्हणजे आपली आजची नायिका. मधली जवळजवळ पंचवीस वर्षं तो देश वाट पाहत होता.

आग्नेशचा जन्म 29 डिसेंबर 1988 चा, किश्कुनहालाश या गावातला. ती वाढली जवळच्या शोल्तवाडकॅर्तमध्ये. हा दक्षिण हंगेरीचा सपाट, वाळूसारख्या मातीचा मुलूख. द्राक्षाच्या बागा आणि वाइन ही या गावाची ओळख. राजधानी बुडापेस्टचा दिमाख इथे नाही. अशा गावातली मुलगी जगात नाव काढते तेव्हा गावाचं नाव जगाच्या नकाशावर प्रथमच वाचलं जातं, आणि गाव ते विसरत नाही. तिच्या लोकप्रियतेचं पहिलं मूळ मला इथे दिसतं.

2005 मध्ये ती सोळा वर्षांची होती. त्या वर्षी पॅरिसला मुलींच्या गटात तिनं एकेरी जिंकली, अंतिम सामन्यात रुमानियाच्या रालुका ओलारूला 6-2, 6-1 हरवून. दुहेरीही जिंकली. जोडीदार होती बेलारुसची व्हिक्टोरिया अझारेंका. हीच जोडी महिनाभरानं विम्बल्डनलाही मुलींच्या दुहेरीत अजिंक्य ठरली. अझारेंका पुढे जगात पहिली झाली. त्या दोन मुली एकाच कोर्टावर, एकाच बाजूला, एकमेकींच्या चुका सावरत उभ्या होत्या, हे आज आठवलं की बरं वाटतं.

कनिष्ठ गटातलं यश फसवं असतं. मुलींच्या गटात जिंकलेल्या कित्येक जणी मोठ्यांच्या स्पर्धांत पात्रता फेरीतच अडकून राहतात. 2007 उजाडलं तेव्हा सावाई जगातल्या पहिल्या शंभरातही नव्हती. त्या वर्षाचा डिसेंबर आला तेव्हा ती पहिल्या वीस जणींच्या उंबरठ्यावर होती आणि महिला टेनिस संघटनेनं तिला वर्षातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरवलं होतं. हे वर्ष आपण सावकाश पाहू. तिच्या कारकिर्दीचं सगळं सत्त्व या वर्षात आहे.

जुलैत सिसिली बेटावरच्या पालेर्मोला, लाल मातीवर, तिनं पहिलं विजेतेपद मिळवलं. ऑगस्टमध्ये ती अमेरिकेत न्यू हेवनला गेली. तिथे तिला थेट प्रवेश नव्हता. आधी पात्रता फेऱ्या खेळायच्या आणि त्या जिंकल्या तर मुख्य स्पर्धेत यायचं. बाकीच्या जणी विश्रांती घेत असताना पात्रतेतली मुलगी घाम गाळत असते. सावाई पात्रतेतून आली आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. समोर होती रशियाची स्वेतलाना कुझनेत्सोव्हा, तीन वर्षांपूर्वी अमेरिकन स्पर्धा जिंकलेली. पहिला सेट सावाईनं 6-4 असा घेतला. दुसऱ्या सेटमध्ये 0-3 अशी मागे असताना तिला सामना सोडावा लागला. कंबरेच्या वरचा भाग, पाठीचा खालचा भाग धरला होता.

हे पाठदुखीचं या कथेतलं पहिलं पाऊल. तेव्हा त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही, आणि पाहणार तरी कसं? लगेच पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कला अमेरिकन खुली स्पर्धा सुरू झाली आणि तिथे या अठरा वर्षांच्या मुलीनं सातवं मानांकन असलेल्या नादिया पेत्रोव्हाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे पुन्हा कुझनेत्सोव्हा आडवी आली आणि सावाई 6-1, 6-4 अशी हरली. तरी ग्रँड स्लॅममधली ही तिची सर्वांत मोठी मजल.

सप्टेंबर संपायच्या आत ती बीजिंगच्या अंतिम सामन्यात उभी होती. समोर जगातली तिसऱ्या क्रमांकाची खेळाडू, सर्बियाची येलेना यांकोविच. यांकोविचचा खेळ म्हणजे भिंत. कुठेही मारा, चेंडू परत येणार. असल्या खेळाडूसमोर तरुण पोरी चिडतात, घाई करतात आणि स्वतःच चुका करून हरतात. पहिला सेट टायब्रेकमध्ये यांकोविचकडे गेला. दुसऱ्या सेटमध्ये सावाई पराभवापासून एका गुणावर आली. मॅच पॉइंट. टेनिसचं वेगळेपण इथे आहे. क्रिकेटमध्ये षटकं संपतात, फुटबॉलमध्ये घड्याळ संपतं. टेनिसमध्ये शेवटचा गुण कोणीतरी जिंकल्याशिवाय सामना संपत नाही. तो गुण तिनं दिला नाही. दुसरा सेट 7-5 असा खेचून घेतला. तिसऱ्या सेटचे आकडे मी मुद्दाम या व्याख्यानाच्या माथ्यावर घातले आहेत : सहा-दोन. मरणाच्या दारातून परत आलेला खेळाडू बहुधा तिसऱ्या सेटमध्ये थकून पडतो. ती जगातल्या तिसऱ्या खेळाडूला 6-2 असं मागे टाकून जिंकली.

तिचा खेळ पाहिलेल्यांना विचारलं की पहिला शब्द ऐकू येतो तो बॅकहँड. दोन हातांनी मारलेला, चेंडू उसळी घेत असतानाच पकडलेला आणि रेषेला समांतर सरळ पाठवलेला. टेनिस खेळलेल्यांना यातली अडचण ठाऊक आहे. तिरका फटका सुरक्षित असतो, कारण जाळी मध्यभागी कमी उंच असते आणि कोर्टाची तिरकी लांबीही जास्त. सरळ रेषेवर मारायचं तर जाळी उंच आणि जागा कमी. तिथे मारायला आपल्या हातावर फार विश्वास लागतो. बहुतेक जणी हा फटका गुण जुळून आला की मारतात. सावाई त्या फटक्यानं गुण जुळवून आणायची. लोक ज्या खेळाडूला वर्षानुवर्षं आठवतात, तिचा एखादा तरी फटका असा असतो की डोळे मिटले तरी दिसतो. लोकप्रियतेचं दुसरं मूळ हे.

पुढची पानं थोडक्यात. एप्रिल 2008 मध्ये ती जगात तेरावी झाली. ही तिची सर्वोच्च जागा. त्याच वर्षी विम्बल्डनला तिनं चौथी फेरी गाठली आणि तिथे चीनच्या झेंग जिएकडून हरली. पण मला तुम्हाला 2009 च्या पॅरिसला न्यायचं आहे. तिसऱ्या फेरीत समोर व्हीनस विल्यम्स, स्पर्धेतलं तिसरं मानांकन. सावाईनं पहिला सेट 6-0 असा घेतला. व्हीनससारख्या खेळाडूला एकही गेम न देता! दुसरा 6-4. विल्यम्स भगिनींच्या ताकदीपुढे भल्याभल्या मागे सरकून खेळत. ही मुलगी पुढे सरकून, चेंडू लवकर घेऊन खेळली. ज्या मातीवर चार वर्षांपूर्वी मुलींचा चषक उचलला होता, त्याच मातीवर तिनं हे केलं.

त्याच वर्षी जुलैत ती बुडापेस्टला, आपल्या लोकांसमोर जिंकली. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या अनुभवी पॅटी श्नायडरला तिनं पहिला सेट गमावल्यावर हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच शहर, पुन्हा तीच श्नायडर, आणि पुन्हा सावाईच विजेती. लगोलग पुढच्या आठवड्यात प्रागची स्पर्धाही तिनं जिंकली. सलग दोन आठवडे, दोन शहरं, दोन विजेतेपदं. एकूण पाच एकेरी विजेतेपदं : पालेर्मो, बीजिंग, दोनदा बुडापेस्ट आणि प्राग.

परदेशी मोठ्या स्पर्धेतलं यश लोक दूरचित्रवाणीवर पाहतात. घरच्या मैदानावरचं यश ते तिकीट काढून, उन्हात बसून, घसा बसेपर्यंत ओरडून पाहतात. हंगेरीत लाल मातीच्या कोर्टाला 'शलक' म्हणतात. ज्या बापानं आपल्या मुलीला खांद्यावर बसवून त्या शलकवर सावाईला चषक उचलताना दाखवलं, त्या मुलीसाठी सावाई बातमीत वाचलेलं नाव उरत नाही. लोकप्रियतेचं तिसरं आणि सर्वांत खोल मूळ मी यालाच मानते.

प्रागनंतर मात्र पाठीनं साथ सोडली. आता थोडं शरीराबद्दल बोलते, कारण ते टाळून ही कथा सांगणं म्हणजे भावनेचा खेळ होईल. टेनिसची सर्व्हिस करताना खेळाडू चेंडू वर फेकतो, कंबर मागे वाकवतो, एका बाजूला झुकतो आणि मग सगळं शरीर पिळवटून पुढे येतो. वाकणं, झुकणं आणि पिळणं ही तिन्ही कामं मणक्याचा खालचा भाग एकाच क्षणी करतो. दिवसभराच्या सरावात हे कितीतरी वेळा होतं. वाढत्या वयात हाडं अजून पक्की होत असतात. त्या काळात हा ताण विश्रांतीशिवाय पडत राहिला की मणक्याला बारीक चिरा पडू शकतात, आणि त्या बाहेरून कोणाला दिसत नाहीत. मातीवर घसरत थांबता येतं, म्हणून धक्का काहीसा कमी बसतो. हार्ड कोर्टवर पाय जिथे पडेल तिथे थांबतो आणि धक्का वर चढत जातो. न्यू हेवन, न्यूयॉर्क आणि बीजिंग, तिन्ही हार्ड कोर्ट.

त्यात क्रमवारीचा नियम. मागच्या बावन्न आठवड्यांचे गुण धरले जातात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात जिंकलात, त्या आठवड्यात यंदा खेळला नाहीत तर ते गुण गळतात. दुखतं म्हणून घरी बसलेली मुलगी दर सोमवारी खाली घसरताना स्वतःला पाहत असते. दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्यांसाठी जुन्या क्रमांकावर काही स्पर्धांत प्रवेश देण्याची सोय आहे, पण ती मोजक्याच स्पर्धांसाठी. सावाईनं परत येण्याचा प्रयत्न केला. 2012 मध्ये ती लंडन ऑलिंपिकमध्ये खेळली, मग न्यूयॉर्कमध्येही. पाठीनं ऐकलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत तिनं निवृत्ती जाहीर केली.

आता कॉर्मॉत्सी, तॅमॅशवारी आणि सावाई ही तीन नावं शेजारी ठेवा. पहिली तेहतिसाव्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकते. दुसरी सतराव्या वर्षी रोमच्या परंपरेची स्पर्धा जिंकून विशीच्या आत दुखापतींत सापडते. तिसरी अठराव्या वर्षी जगात पोचते आणि चोविसाव्या वर्षी थांबते. देश एकच, गुण एकाच तोडीचे. बदलली ती भोवतालची टेनिसची रीत. कॉर्मॉत्सींचा काळ हौशी खेळाडूंचा होता, त्या काळाची स्वतःची दुःखं होती आणि त्यांत युद्धही होतं. मी त्याची आरती ओवाळणार नाही. पण वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत सगळं मिळवायची घाई तेव्हा नव्हती. ही घाई माणसांनी तयार केली आहे आणि माणसं ती कमी करू शकतात. 1995 पासून महिला टेनिसमध्ये अल्पवयीन मुलींनी वर्षाकाठी किती स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा आल्या. हे पाऊल योग्य होतं. पण स्पर्धा मोजल्या जातात, सराव कोणी मोजत नाही.

सावाईनंतर हंगेरी रिकामी राहिली नाही. तीमेआ बाबोशनं फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लादेनोविचबरोबर ऑस्ट्रेलियात दोनदा आणि पॅरिसला दोनदा दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकलं. 2017 मध्ये बुडापेस्टला एकेरीतही ती विजेती झाली. दाल्मा गाल्फीनं 2015 मध्ये अमेरिकन स्पर्धेत मुलींचं विजेतेपद मिळवलं. मार्टोन फुचोविच 2021 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळला. तरी एकेरीच्या क्रमवारीत सावाईच्या तेराव्या जागेपर्यंत तिच्यानंतरची कुणी हंगेरियन मुलगी अजून गेलेली नाही. लोकांना ती आठवते याला ममता आहेच, पण हा आकडाही आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : सावाईवर प्रेम करायला दयेची गरज नाही. 'बिचारी' हा शब्द तिच्या नावापुढे शोभत नाही. तिनं जगातल्या तिसऱ्या खेळाडूला मॅच पॉइंट वाचवून हरवलं, व्हीनसकडून एक सेट शून्यावर जिंकला आणि आपल्या माणसांसमोर दोनदा चषक उचलला. हे झालेलं आहे, वहीत लिहिलेलं आहे. काय झालं असतं याची हळहळ आपली आहे, आणि ती आपण तिच्या खेळावर सांडू नये.

पण त्या हळहळीचा उपयोग होऊ शकतो. या सभागृहात पालक आहेत, प्रशिक्षक आहेत, आणि मागच्या रांगेत रॅकेटच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीही मला दिसताहेत. सरांकडे माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी होती. एका सकाळी ती म्हणाली, 'सर, पाठ दुखतेय.' दोन दिवसांवर जिल्ह्याची स्पर्धा होती. सरांनी तिची रॅकेट हातातून काढून घेतली, तिला बाकावर बसवलं आणि तिच्या वडिलांना बोलावणं धाडलं. ती त्या स्पर्धेत खेळली नाही. पुढची कित्येक वर्षं मात्र खेळत राहिली.

पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. वाढत्या वयातली मुलगी 'पाठ दुखते' म्हणाली तर ती नाटक करते आहे असं समजू नका, 'थोडं सोसावं लागतं' असं म्हणू नका. त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते, मणका तोच असतो. आणि मुलींनो, तुम्ही घरी गेल्यावर बीजिंगचा तो अंतिम सामना शोधून पाहा. पहिले दोन सेट पाहून उठू नका. तिसरा सेट पुरता पाहा.